एक जूनला जन्मलेले

आमच्या गावात साठीच्या पुढचं कुठलंही माणूस घ्या आणि त्याचं आधार कार्ड बघा. जन्मतारीख एक जून. माझी एक जून, माझ्या चुलतभावाची एक जून, पिठाच्या गिरणीवाल्याची एक जून. बँकेत नवीन साहेब आला तेव्हा त्याला हसू आवरेना. म्हणाला, "बाबा, त्या दिवशी गावात जन्माची साथ आली होती का?"

मी म्हणालो, "साथ न्हवती. गुरुजी व्हते."

शाळा जूनमध्ये उघडायची. आईबापाला पोराची तारीख ठाऊक नसायची, फार तर पाऊस होता की पेरणी होती एवढं आठवायचं. मग गुरुजी पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान बोटाला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. तिथून सहा वर्षं मागं जायचं आणि एक जून टाकायची. माझा कान लागला त्या दिवशी आणखी अकरा पोरांचा लागला. आम्ही बाराजण एकाच सालात, एकाच दिवशी जन्माला आलो. सरकारदरबारी अजून तसंच आहे. त्या बारांतले आता दोघंच उरलोय, एक मी आणि एक पेंटर.

मला गावात ऑपरेटर म्हणतात. शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीची परीक्षा न देता. पुढं तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवलं, वीस-पंचवीस वर्षं. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत जत्रा भरणारं गाव असं नसेल जिथं मी पडदा ताणला नाही. घोडेगावला ताणला, खोडदला ताणला. तेव्हा खोडदला त्या आभाळाकडं तोंड केलेल्या दुर्बिणीच्या मोठ्या डिशा उभ्या राहिल्या नव्हत्या, नुसती शेतं होती. मशीनजवळ मी एक वही ठेवायचो. गाव कुठलं, पिक्चर कुठला, कितव्या रिळाला पट्टी तुटली, पब्लिकनं कुठं शिट्ट्या मारल्या आणि कुठं बाया रडल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आपण केलेलं काम कुठंतरी लिहिलेलं असावं एवढंच.

मग घरोघर टीव्ही आले आणि तंबू एका साली उतरवला तो परत चढला नाही. हाताला काम उरलं नाही तेव्हा मी वाचनालयाच्या भिंतीवरचा फळा धरला. एसटी थांब्यासमोरच आहे तो. वर लिहितो, आजचे दिनविशेष. पेपरात बघून त्या दिवशी कोणत्या नटाचा, गाणारीचा, तमाशातल्या बाईचा जन्म झाला ते लिहितो. त्याच्याखाली माझ्या वहीतलं. आजच्या दिवशी घोडेगावात वाऱ्यानं तंबू फाटला, पब्लिकनं उसाच्या बांधावर बसून पिक्चर पुरा केला, असलं. शाळेतले मास्तर येता-जाता माझ्या शुद्धलेखनाला हसतात. हसू देत. त्यांनी महिनाभर रोज सकाळी सहाला येऊन लिहून दाखवावं, मग हसावं.

एक जूनला मात्र माझी पंचाईत होते. वर एका मोठ्या नटीचा वाढदिवस येतो, तो लिहितो. खाली वहीतलं काही निघत नाही. दर सालची एक जून उघडली की तेच: तंबू उतरवला, वाळवला, कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळला. पावसाळ्यात आमचा खेळ बंद असायचा. म्हणजे सगळ्या गावाचा वाढदिवस ज्या दिवशी, त्या दिवशी ह्या मुलखात करमणूक म्हणून मी काही केलेलंच नाही.

पेंटर बौद्ध वस्तीतला. त्याचा बाप तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा. नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागल्या की बापाला बोलावणं यायचं आणि जत्रा संपेपर्यंत माणूस घराला दिसायचा नाही. वस्तीनं धर्म बदलला त्या साली बापानं ढोलकी खाली ठेवली ती कायमची. पोराच्या हातात ब्रश दिला. शाळेत आम्ही एकाच वर्गात, पण मी गुरुजींच्या पुढ्यात आणि तो दाराशी. तेव्हा तसंच बसवायचे. पुढं आमच्या तंबूची पोस्टरं त्यानंच रंगवली. नटीचे डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा, आणि काढले की रस्त्यानं जाणारा गडी सायकल थांबवायचा. नंतर फ्लेक्स आले. ब्रशाचं काम संपलं. मग तोही माझ्यासारखाच एसटी थांब्याच्या बाकावर येऊन बसायला लागला. मी फळा लिहायचो, तो मागून बघायचा.

"वळ खाली चालली बघ तुझी," म्हणायचा.

"चालू दे. वाचनारं मान वाकडी करून वाचतंय."

"न्हाई, तू आसंच लिव्ह. लोकास्नी वाटंल भिंतच कललीय."

असं आमचं चालायचं.

सहा-सात वर्षांपूर्वी तरुण मंडळाच्या पोरांच्या डोक्यात आलं, की एक जूनला सगळ्या म्हाताऱ्यांचा एकत्र वाढदिवस करायचा. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर आमचे चाळीस-एक फोटो, पासपोर्टएवढे, सगळे एकसारखे रागावलेले. नारायणगावहून केक आणला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. मंडळाच्या अध्यक्षानं माइकवर सांगितलं, "आता आपल्या गावातले सर्वांत ज्येष्ठ केक कापतील," आणि सुरी माझ्या हातात दिली. त्यानं कुणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

पेंटर बाजूलाच उभा होता. म्हणाला, "आरं, रजिस्टरात आमी दोघं एकाच दिवसाचं. मग सुरी ह्याच्याच हातात का म्हून?"

गिरणीवाला म्हणाला, "राव, ऑपरेटर सकाळच्या खेळाला जल्मला आसंल आन् तू मॅटिनीला."

सगळे हसले. मीही हसलो. पेंटर हसला नाही. मी केक कापला आणि पहिला घास रीतीप्रमाणं सरपंचाला भरवला.

तिथून आमचं भांडण सुरू झालं. वरवर बघणाऱ्याला ते थट्टेचं वाटायचं. त्याची आई सांगायची, तो चैत्रातल्या जत्रेत जन्मला. माझी आई सांगायची, मी बाजरीच्या काढणीतला, म्हणजे भादव्यातला. साल दोघांच्याही आईला ठाऊक नव्हतं. आधी त्याची जत्रा झाली की आधी माझी बाजरी, एवढाच सवाल.

"चैत आदी येतो का भादवा?" तो विचारायचा.

"कुठल्या सालचा चैत?"

"तुज्या भादव्याच्या आदला."

"माजा भादवा तुज्या चैताच्या आदला हाय."

"कशावरनं?"

"माज्याकडं बघ आन् तुज्याकडं बघ."

पोरं आमच्या ह्या बोलण्याचे व्हिडिओ काढायची. पण आत काय होतं ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत होतं. पोळ्याला पहिला बैल आमचा सुटतो. पालखी पहिली आमच्या दारात टेकते. ह्या घरात जन्मलेल्या माणसाला कुणी आधी-नंतर विचारत नाही. मान मोजून मिळतो असं मला कधी वाटलंच नव्हतं. पेंटर मात्र मोजायला लावत होता. त्याला जमीन नको होती, बैल नको होता. रजिस्टरात जे बरोबरीनं लिहिलंय त्यात जर कुणी मोठं असेल तर ते मोजून ठरवा, एवढंच तो म्हणत होता.

तर मीही ठरवलं, मोजून टाकू.

मला एक थोरली बहीण. पिंपरी पेंढारला दिलेली. नव्वदीला टेकली आहे, पण जुनं सगळं तिला काल घडल्यासारखं आठवतं. दोन दिवाळ्यांपूर्वी मी उठलो, नारायणगावची गाडी धरली, आळेफाट्याला बदलली आणि तिच्याकडं गेलो. मनात पक्कं होतं की अक्का आपल्या बाजूनं सांगणार. ती पडवीत लसूण सोलत बसली होती. पाणी प्यायलो आणि सरळ विचारलं.

"अक्का, पेंटर थोरला का मी?"

"कोन पेंटर?"

"ढोलकीवाल्याचा."

"आगं बया, त्यो व्हय. त्यो जत्रंतला." तिनं हातातली पाकळी खाली ठेवली. "त्या जत्रंला आई आलीच न्हाई. तू पोटात व्हतास ना. चवथा म्हैना. उलट्या करून बेजार. मला म्हनाली, तू जा, बघून ये आन् समदा वग मला सांग. मी गेले चुलतीसंगं."

मी म्हणालो, "ती दुसऱ्या सालची जत्रा आसंल."

"माज्याशी वाद घालू नगंस. ढोलकीवाल्याची बाईल तंबूमागं बसलेली, आठ दिसांचं पोर घिऊन. पहाटंच्या गारव्यानं कुडकुडत व्हती बिचारी. मी पोरगं मांडीवर घेतलं. येवढुंसं. त्याच्या कानावर केस व्हतं. पहाटं घरी आले आन् आज्जीला सांगून बसले, मी ढोलकीवाल्याचं बाळ घेतलं म्हून."

"मग?"

"मग काय. आज्जीनं मला दारातच उभं केलं आन् घागरभर पानी वतलं डोक्यावरनं. गार. लुगडं बदलल्याबिगर आत येऊ दिलं न्हाई. माज्या दातावर दात आपटत व्हतं आन् आई आतनं इचारतीया, वग कुठला केला गं, वग कुठला." ती हसली. "त्याच्या पुढल्या बाजरीला तू झालास. इसरंन व्हय मी?"

अक्कानं पुन्हा लसूण हातात घेतला.

"का रं, काय आडलंय का?"

"काय न्हाई. कोनाला सांगू नगंस."

"मला कोन इचारायला येतंय? इचारनारं समदं गेलं."

तिचा नातू म्हणाला, आजोबा, मुक्काम करा नाहीतर उजेडात निघा, उसात बिबट्या आहे. मी उजेडात निघालो. आळेफाट्याला गाडी उशिरा आली. तासभर उभा होतो. माझे पाय दुखायला लागले तो दिवस मला तोच आठवतो. त्याआधी दुखत असतील, पण लक्षात आलं नव्हतं.

पाच महिन्यांनी थोरला होता पेंटर. पाच महिने म्हणजे काही फार नाही. मी स्वतःला हेच सांगत राहिलो. सांगायचं तर कुणाला, कशाला, केक तो काय. गावानं मागितला तर पुरावा द्यावा, गाव कुठं मागतंय. अशा पुष्कळ गोष्टी माणूस स्वतःला सांगू शकतो. पुढची एक जून आली. अध्यक्षानं सुरी दिली. मी घेतली. कापला. सरपंचाला घास भरवला. टाळ्या झाल्या. एवढी वर्षं मशीन चालवलं, रीळ जोडताना कधी हात थरथरला नाही, त्या दिवशीही थरथरला नाही. ह्याचंच मला पुढं वर्षभर नवल वाटत राहिलं.

आणि त्या साली पेंटर भांडला नाही. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, सुरी ह्याच्याच हातात का म्हून. तो भिंतीला टेकून उभा राहिला. डोळ्यांनी त्याला कमी दिसायला लागलं होतं. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. फळ्याजवळ येऊन बसायचा, पण ओळ वर गेली की खाली हे आता त्याला कळत नव्हतं.

"काय लिवलंस आज?" विचारायचा.

मी वाचून दाखवायचो. एकट्यासाठी वाचताना मलाच ते सगळं शिळं वाटायचं. कुठला नट, कुठली नटी, कुठल्या गावात कधी पट्टी तुटली. ज्यांनी शिट्ट्या मारल्या ती माणसंही उरली नाहीत. दिवसाला एक ओळ लिहून मी काय राखतोय, असं वाटून खडू खाली ठेवावासा वाटायचा. सवयीनं उचलत होतो.

यंदा मे महिन्यात तो बाकावर बसला होता आणि म्हणाला, "पोरगा न्यायला येतोय. भोसरीला. हितं आता माज्याच्यानं चूल पेटत न्हाई."

"कदी?"

"एक जून झाली की." मग त्यानं फळ्याच्या दिशेनं तोंड केलं. "एक सांगू का रं ऑपरेटर? मला एकदा कापायचा व्हता त्यो केक. खायाचा न्हाई, साखर हाय मला. कापायचा. समद्यांच्या म्होरं. एवढी नावं रंगवली ह्या गावाची, शाळंवर, देवळावर, पंचायतीवर. खाली माजं नाव कुठं न्हाई. म्हनलं, एक दीस तरी..."

तेवढ्यात त्याच्या वस्तीतली पोरगी त्याला जेवायला न्यायला आली आणि तो तिच्या खांद्याला धरून गेला. मला काही बोलायची वेळ आली नाही. आली असती तरी मी बोललो असतो असं नाही.

एक जूनला सकाळी नऊला शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. फ्लेक्सवरचे फोटो चाळिसाचे अठ्ठावीस झाले होते. गेलेल्यांचे काढून पोरांनी मधे फुगे छापले होते. पेंटर पांढरा सदरा घालून आला होता, मुलगा शेजारी, गाडी फाटकाशी. अध्यक्षानं माइक हातात घेतला आणि सुरी माझ्यापुढं केली. "दरवर्षीप्रमाणे," तो म्हणाला.

मी हात मागं घेतला. "पेंटर थोरला हाय. त्याला द्या."

अध्यक्ष हसला. "आजोबा, आता कुठं लहान-मोठं! दोघांनी हात लावा. फोटो भारी येतोय."

"दोघांनी न्हाई. त्याला द्या."

पेंटरनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "उपकार करतोस व्हय रं? आंधळा झालो म्हून? जायाला निघालो म्हून?"

"उपकार न्हाई. माज्या अक्कानं सांगितलं. जत्रंत तुला तिनं मांडीवर घेतलेला. आठ दिसांचा व्हतास. तवा मी आईच्या पोटात."

"कवा सांगितलं?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. काल म्हणालो असतो तर कुणाला कळलं असतं? पण थकलो होतो. दीड वर्ष गप्प बसून जितका थकलो तितका तंबूचे खांब वाहून कधी थकलो नव्हतो.

"दोन दिवाळ्या झाल्या," मी म्हणालो.

त्यानं मनात मोजलं. त्याचे ओठ हलत होते.

"म्हंजी गेल्या साली तू समजून कापलास."

"व्हय."

"मी भित्तीला हुबा व्हतो."

"व्हय."

माइक अध्यक्षाच्या हातात आम्हा दोघांच्या मधे होता आणि चालू होता. पटांगणाच्या टोकाला बसलेल्या बायांनीसुद्धा ऐकलं. अध्यक्षानं घाईनं तो खाली केला. कुणी हसलं नाही. घागरभर पाण्याचं मी तिथं बोललो नाही. पेंटरला ते आधीच ठाऊक असणार, आमच्या दारातलं नाही तरी दुसऱ्या कुठल्या दारातलं. ते इथं लिहितोय.

पेंटरनं हात पुढं केला. अध्यक्षानं त्यात सुरी दिली. दिसत नव्हतं म्हणून त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटांनी केकची कड चाचपली, चारही बाजूंनी. त्या बोटांना मी ओळखतो. पोस्टरचं कापड लाकडावर ताणलं की ब्रश बुडवायच्या आधी तो असाच चाचपायचा. मग त्यानं बरोब्बर मधे सुरी ठेवली आणि एका दाबात खालपर्यंत नेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, इंग्रजी गाणं म्हटलं. सरपंच रीतीप्रमाणं पुढं सरकले आणि त्यांनी तोंड थोडं उघडलं.

पेंटरनं पहिला तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सरपंच त्याला दिसले नसतील असं पोरांना वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. त्याचा मुलगा म्हणाला, "आप्पा, साखर," पण त्यानं ऐकलं नाही. सावकाश चावला. चाळीस-पन्नास माणसं मोबाईल वर धरून उभी होती आणि तो चावत होता. मग त्यानं सदऱ्याला हात पुसला, सुरी पुन्हा चाचपून ठेवली आणि पुढचे तुकडे कापू लागला, सगळे एका मापाचे.

पोरी कागदी बशा वाटत होत्या. त्यांनी आधी बायांना दिल्या, मग वस्तीतल्या माणसांना, मग गिरणीवाल्याला. माझ्यासाठी पुढची खुर्ची मांडलेली होती, पण मी तिच्यावर बसलो नव्हतो म्हणून त्यांना मी सापडलो नसेन. माझी बशी आली तेव्हा फाटकाशी गाडी चालू झालेली होती. मी तो तुकडा उभ्यानंच खाल्ला.